तीन चटयांवरचा वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. गोल तबकडीचा, लाल सुईचा, न्हाणीघरात ठेवतात तसला. माझ्या हातून जे घडलं ते सांगायची मला लाज वाटते. पण न सांगता राहिलो तर आणखी वाटेल, म्हणून सांगतो.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यावर दहा, वीस, पन्नास किलोची वजनं ठेवून पाहिली आणि मी खरं बोलतो असा शिक्का पाठीवर मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता.

पुढे मी ब्रिस्बेनजवळच्या लोगनमध्ये सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरून आलेल्या, लोकांच्या चर्चच्या सभागृहात आलो. नाताळची मेजवानी जिरली की बायका जानेवारीत वजन उतरवायची शर्यत लावत. मला त्यांनी जाड गालिच्यावर ठेवलं होतं. मऊ जागेवर माझं बूड रुततं आणि सुई दोन-चार किलो अलीकडेच थांबते. बायका म्हणत, "काटा असावा तर असा! माणसाची अब्रू राखतो." मी खोटं सांगतोय हे मला कळत होतं, पण कौतुक कुणाला नको असतं? मी फुगून बसलो.

शर्यती बंद पडल्यावर मला तालालेलेई घरी घेऊन आल्या. त्या चर्चच्या गायनात सगळ्यात पुढे उभ्या राहणाऱ्या बाई, आवाज खणखणीत, हुकूमही तसाच. त्यांच्या घरी मी अनेक वर्षं कपडे धुण्याच्या टाकीखाली पडून होतो. माझ्यावर साबणाची पूड साचली.

तालालेलेईंची सून सिएनी आणि मुलगा इओसेफो यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. शेवटी त्यांनी दवाखान्यात उपचार सुरू केले. बाईच्या पोटात दोन अंडाशय असतात. एरवी महिन्याला एकच स्त्रीबीज पिकतं. या उपचारात सुया टोचून एकाच वेळी बरीच पिकवतात, ती बाहेर काढून दवाखान्यातल्या बशीत त्यांचे गर्भ तयार करतात आणि त्यातला एक पाच दिवसांनी परत पोटात ठेवतात. सिएनीची तेवीस निघाली. घरात आनंदीआनंद झाला, पण दवाखान्यातल्या नर्स ब्रॉनविनबाई फोनवर गंभीर होत्या. त्या म्हणाल्या, "हे बघ सिएनी, तेवीस म्हणजे जास्तच झाली. अंडाशय सुजतात आणि अंगातलं पाणी पोटात झिरपायला लागतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आलीस की वजन कर. तेच कपडे, तीच जागा. दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, तर थांबायचं नाही. लगेच फोन."

अशा रीतीने मला टाकीखालून काढून पुसलं गेलं. पहिल्या सकाळी मी न्हाणीघराच्या फरशीवर होतो. सिएनी उभी राहिली, मी एक्याऐंशी दाखवले, तिने ते वहीत लिहिले. ते मी अगदी खरं सांगितलं होतं, मित्रांनो.

दुपारी तालालेलेई आत आल्या आणि मला पाहून कपाळाला हात लावला. "आउए! माझ्या नातवंडाचं पहिलं वजन हा करणार, आणि याला संडासाशेजारी ठेवलंय? मानाच्या पाहुण्याला कुणी उघड्या जमिनीवर बसवतं का?" त्यांनी पलंगाशेजारी केवड्याच्या पातीच्या चटया अंथरल्या, एकीवर एक अशा तीन, खाली गादीची घडी, आणि वर मला बसवलं.

"आई, नर्स म्हणाली होती की तीच जागा हवी," सिएनी हळूच म्हणाली.

"नर्सला चटईची पद्धत काय ठाऊक! घर तेच, काटा तोच."

सिएनी गप्प बसली. सासूपुढे सून गप्प बसते, हे तर झालंच; पण तिच्या मनात दुसरंही होतं. पाचव्या दिवशी गर्भ पोटात ठेवायचा होता. वजन वाढलं असतं तर तो दिवस पुढे गेला असता. ती रोज माझ्यावर चढताना डोळे मिटून घ्यायची आणि पुटपुटायची, "वाढू नकोस रे बाबा."

आणि मी वाढलो नाही. पहिल्या दिवशी एक्याऐंशी. दुसऱ्या दिवशी साडेएक्याऐंशी. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक्याऐंशी. तिची पावलं जड झाली होती, माझं बूड रुतत होतं, सारं मला समजत होतं. पण मानाची बैठक, तिची ती विनवणी, आणि माझी जुनी खोड! ती सुटका झाल्यासारखी हसायची आणि मला वाटायचं, मी तिचं भलं करतोय.

तिचं पोट मात्र तट्ट फुगलं. तालालेलेई त्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "बघ इओसेफो, आत्ताच दिसायला लागलं! आपल्या घराण्यात बाळं अशीच दांडगी." रविवारी त्यांनी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि कंद ताटात वाढले. सिएनीला घास गिळवेना.

"खा गं, पोपटासारखं काय टोकरतेस?"

"आई, श्वास पुरत नाही मला."

"बाळ वर ढकलत असेल."

"आई, बाळ अजून दवाखान्यातल्या बशीत आहे!" इओसेफो ओरडला. त्याने तिथल्या तिथे दवाखान्याचा तातडीचा नंबर लावून फोन सिएनीच्या कानाला धरला.

ब्रॉनविनबाईंनी विचारलं, सिएनीने सांगितलं. लघवी सकाळपासून एकदाच, तीही गडद. पोट ताठ. वजन एक्याऐंशी.

"हे जुळत नाही," त्या म्हणाल्या. "काटा कशावर ठेवलाय?"

सगळ्यांच्या नजरा चटयांकडे वळल्या. मग इओसेफोने मला उचलून फरशीवर आपटलं आणि सिएनीला धरून माझ्यावर उभं केलं. माझी सुई धावली आणि शहाऐंशीवर थांबली. पाच किलो पाणी, मित्रांनो. पाच किलो मी लपवलं होतं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तिला रुग्णालयात नेलं. पोटातलं पाणी सुईने काढलं, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी काढला असता तर जिवावर बेतलं असतं. गर्भ गोठवून ठेवले, ते पुढे कधीतरी पोटात ठेवता येणार होते. पण पाचवा दिवस गेलाच.

आठवड्याने सिएनी घरी आली तेव्हा अंगणातल्या गवतावर, भर उन्हात, कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं. डोक्यावरून घराण्यातली सगळ्यात तलम चटई ओढलेली. सामोअन लोकांत मोठा अपराध केलेला माणूस असा बसतो, आणि ज्याचा अपराध केला तो ती चटई उचलेपर्यंत हलत नाही. पण सासू सुनेपुढे बसलेली कुणी पाहिली नव्हती. शेजारपाजारचे कुंपणाशी गोळा झाले.

सिएनीला नीट चालवत नव्हतं. ती पोट धरून गेली, चटई उचलली. खाली तालालेलेई घामाने आणि अश्रूंनी भिजल्या होत्या.

"तू दोनदा सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही."

"मीही खोटं हसत होते, आई. उठा आता. तुम्हाला उचलायचं मला डॉक्टरांनी बंद केलंय."

तालालेलेई हुंदक्यातच हसल्या. दोघी एकमेकींच्या आधाराने आत गेल्या. त्या दोघी मोकळ्या झाल्या. मला मात्र कुणी दोषी धरलंच नाही, त्यामुळे माफ करायलाही कुणी आलं नाही. मी आता न्हाणीघराच्या फरशीवर असतो आणि जे असेल तेच दाखवतो.

मित्रांनो, वजनकाट्याला कठीण, सपाट जागी ठेवा आणि तिथून हलवू नका. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. घरातलं कुणी म्हणालं, मला श्वास पुरत नाही, तर माझ्याकडे नंतर बघा. आधी तिचं ऐका.