पहाटे चारची शिफ्ट

मार्चच्या शेवटच्या रविवारी मुग्धाने आखातातल्या रोल्लाच्या जुन्या बाजारात घड्याळांवरचा वॉक, म्हणजे चालत चालत माहिती सांगायचा फेरफटका, ठेवला होता. त्याच पहाटे लंडनची घड्याळं तासभर पुढे गेली होती, म्हणून तो दिवस. तिच्या वॉक मंडळातली दहा माणसं आली. अकरावे तिचे बाबा, शैलेंद्र. अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीतून नुकतेच रिटायर झालेले, घरी बसून कंटाळलेले. ते सगळ्यांच्या मागून चालत होते.

घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर थांबून मुग्धाने सांगितलं, "उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची ही कल्पना आधी मांडणाऱ्यांत न्यूझीलंडच्या पोस्टातला एक माणूस होता. ड्यूटी संपल्यावर किडे गोळा करायला त्याला उजेड हवा होता. पुढे महायुद्धात जर्मनीने कोळसा वाचवायला घड्याळं सरकवली."

"मग इथे का नाही करत?" मंडळातल्या राहिलने विचारलं. त्याच्या लंडनच्या कॉलची वेळ दर सहा महिन्यांनी बदलायची.

"इथे संध्याकाळचं ऊन आणखी कुणाला हवंय?"

लोक हसले.

"आम्ही केलं होतं एकदा," मागून बाबा म्हणाले. सगळे वळले. "उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवायचा सरकारी नियम यायच्या आधीची गोष्ट. जुलैत अर्सलान नावाचा आमचा वेल्डर उन्हात कोसळला. वाचला. दुसऱ्या दिवसापासून मी माझी माणसं पहाटे चारला कामाला लावली. अकराला खलास. ऑफिसला विचारलं नाही, फक्त बसच्या ड्रायव्हरला पटवलं."

"ऑफिसला कळलं नाही?" राहिलने विचारलं.

"ऑक्टोबरात कळलं. मला साइटवरून काढून स्टोअरला, सामानाच्या नोंदी करत, बसवलं. सात वर्षं. पण त्या उन्हाळ्यात पुन्हा कुणी पडलं नाही."

बाबा स्टोअरला होते हे मुग्धाला माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. तेव्हा ते तिघं अबुधाबीत राहायचे. तिच्या सहाव्या वाढदिवसाला, ऑगस्टमध्ये, केक कापायच्या आधीच बाबा झोपून गेले होते. तो राग तिने बरीच वर्षं धरला होता.

तिने हातातला टिपणांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"बाबा, पुढे या. अर्सलानचं काय झालं?"

"पेशावरला असतो. ईदला फोन करतो," म्हणत ते पुढे आले. वॉक पाऊण तास लांबला.

परतताना गाडीत तिने विचारलं, "मला कधी सांगितलं का नाही?"

"तू लहान होतीस. नंतर विषय निघाला नाही."

"आईला माहीत होतं?"

"म्हणजे काय. अडीचला उठून डबा तीच करायची."

मुग्धाने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, "पुढचा वॉक मुसफ्फात ठेवते. तुम्ही बोलायचं."

"आईलाही घेऊ," बाबा म्हणाले.