काठोकाठ भरलेली वाटी

डिंगोरे गावात महाराजांच्या मांडवात तीनशे माणसं श्वास रोखून माझ्या मुलीकडे पाहत होती. संस्कृती तेव्हा आठ वर्षांची. वर्षभर तिचे डोळे मिचमिचत, मान झटक्यानं उडे, घशातून 'हुंक' असा आवाज निघे. एका जागी पाच मिनिटं बसणं तिला ठाऊक नव्हतं. आणि आता ती दगडासारखी बसली होती, ओंजळीत हळदीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी धरून.

सावळेराम महाराज तिच्याभोवती फेऱ्या घालत होते. हिच्या मानेवर परगावची बाधा बसलीय, तीन विहिरींचं पाणी पिऊन आलीय, आता वाटीत उतरणार, असं ते सांगत होते. ते परगाव कुठलं, हे मात्र बाधेनं त्यांनाही सांगितलेलं दिसत नव्हतं. दहा मिनिटं झाली. मान हलली नाही, थेंब सांडला नाही. मांडवात जयजयकार झाला.

मग माईक माझ्या हातात आला. मी भगवंत, निमगाव सावाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. हेही मीच माईकवर सांगितलं, वर म्हणालो की विज्ञानाला जमलं नाही ते आज डोळ्यांनी पाहिलं. विज्ञानाला मी अजून काही विचारलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. दरवर्षी शाळेत रसायन लावलेल्या सुरीनं लिंबातून 'रक्त' काढून दाखवून, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधा म्हणून पोरांना दटावणारा तो मीच.

निघताना महाराजांनी बजावलं, "परत मान हलली तर बाधा हट्टी हाय म्हणायची. मग अमावास्येला बिब्ब्याचा चटका द्यावा लागंल."

घरी आल्यावर संस्कृती सरळ गोठ्यात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून माझी बायको निर्मला पाहायला गेली आणि तिनं मला बोलावून घेतलं. पोरगी गव्हाणीआड उभी होती. मान, डोळे, आवाज, दिवसभराचं सगळं एकदम चाललं होतं. आम्हाला पाहताच तिनं दोन्ही हातांनी मान घट्ट धरली.

"पप्पा, महाराजांना सांगू नका. मी दाबून धरलं व्हतं. शिंक दाबतात ना, तसं. आता लई येतंय."

निर्मलानं तिला पोटाशी घेतलं. मला जवळ जायचं धाडस होईना. 'मुद्दाम करतेस' म्हणून वर्षभर तिच्यावर ओरडणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मंचरला मुलांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी समजावलं, की हा मेंदूशी निगडित त्रास आहे, याला टिक्स म्हणतात. चंचलपणाही बरेचदा जोडीला असतो. ते आपोआप कमी-जास्त होतं. मन एका कामात गुंतलं की थांबतं, भीतीपोटी मूल थोडा वेळ दाबूनही धरतं, पण मग ते जोरानं उसळतं. यात मुलीची खोडी नाही आणि आईचं वळणही चुकलेलं नाही. वाटीचा चमत्कार एवढाच होता. तो महाराजांनी नाही, माझ्या घाबरलेल्या मुलीनं केला होता.

पण माझं भाषण गावभर पोचलं होतं. शेजारच्या कोंडाबाईंनी अडखळत बोलणाऱ्या नातीला, आरतीला, अमावास्येला तिकडंच न्यायचं ठरवलं होतं. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, तुमी त्या दिशी खरं बोललात का आज?"

"आज."

"मंग त्या दिशी का तसं बोललात?"

 बी.एस्सी., बी.एड. झालेला मी म्हणालो, पोरीच्या काळजीनं घाबरलो होतो. कोंडाबाई म्हणाल्या, "आमी बी घाबरलोय." मग त्यांनी डॉक्टरबाईंचा पत्ता मागितला.

संस्कृतीची मान अजून उडते, कधी कमी, कधी जास्त. वर्गात बाई तिला मधून मधून बाहेर चक्कर मारू देतात. आम्ही ओरडणं सोडलं. ते मात्र कुठल्याही औषधाहून अवघड गेलं. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: त्याला काय झालंय, हे कुठल्याही महाराजांना विचारू नका. आधी त्या मुलाला विचारा, मग डॉक्टरांना. आणि विज्ञानाचा शिक्षक माईकवर काही सांगत असेल, तर त्यालाही पुरावा मागा.