चिंचोक्याच्या रंगाचं कापड

मी सोफा. तीन माणसांचा, अस्सल सागवानी, पाठीवर वेलबुट्टी कोरलेला. जन्म जेपारा गावातला, संसार शेजारच्या कुदूस गावातला. आजवर माझ्यावर बसून बाकीचेच बोलत आले, म्हणून मला बोलायची सवय नाही. पण यंदाच्या ईदेला आमच्या घरात जे घडलं, ते मी अगदी जवळून पाहिलं आहे. ते मीच सांगायला हवं.

जेपारात घरोघरी छिन्नी चालते. एका म्हाताऱ्या कारागिराने मला महिनाभर कोरलं आणि जाताना माझ्या हातावर थाप मारून म्हणाला, "लाकडाची काळजी नको, कापडाची करा." ते वाक्य कुणीच मनावर घेतलं नाही, आणि पुढची सगळी फजिती तिथूनच सुरू झाली.

सुकम्दी आणि वुर्यानी यांच्या लग्नात मी या घरी आलो. सुकम्दी बस चालवायचे. वुर्यानी लवंग घातलेल्या सिगारेटी हाताने वळायच्या कारखान्यात जायची, अजूनही जाते. पहाटे स्वयंपाक उरकून निघायची आणि दुपारी बोटांना लवंगेचा वास घेऊन परतायची.

माझी पहिली खोळ लाल मखमलीची होती. पण मखमल मळेल म्हणून दुकानातून आलेलं प्लॅस्टिक कुणी काढलंच नाही. बारा वर्षं! आमच्याकडच्या दमट उकाड्यात पाहुणे घामाने त्या प्लॅस्टिकला चिकटायचे आणि उठताना असा आवाज यायचा की पोरं तोंड दाबून हसायची. शेवटी एकदाचं प्लॅस्टिक निघालं, तर आत मखमलीला बुरशी लागलेली. इतकं जपलं, पण तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

मग काळं रेक्झिन आलं. ती निवड सुकम्दींची.

"पुसलं की झालं," ते म्हणाले. "आमच्या बसच्या सीटा अशाच असतात."

"बसमध्ये माणूस तासभर बसतो," वुर्यानी म्हणाली. "घरात जन्मभर बसायचंय."

पण तिचं ऐकलं गेलं नाही. चार वर्षं मी चकाकलो. पाचव्या वर्षी भेगा पडल्या आणि माझ्या अंगाचे काळे पापुद्रे निघू लागले. त्याच वर्षी सुकम्दींना अर्धांगाचा झटका आला. बस सुटली. जीभ जड झाली, उजवा हात थरथरू लागला. ते दिवसभर माझ्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बसगाड्या बघायचे. चहा सांडायचा. कधी कधी त्यांना कळायच्या आत कपडे ओले व्हायचे. ते सगळं भेगांमधून माझ्या स्पंजात मुरत गेलं.

आणि मग मागची ईद आली.

ईदेच्या सकाळी आमच्याकडे धाकटी माणसं वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकतात, त्यांच्या मांडीवर कपाळ ठेवून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. वडीलधारा बसतो तो बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर. सुकम्दींची धाकटी बहीण तुमिनी नवे पांढरे कपडे घालून आली, माझ्यावर बसली आणि उठली तेव्हा तिच्या पाठीला काळे पापुद्रेच पापुद्रे! कुणीतरी हसलं. तुमिनीने नाकाला रुमाल लावला.

"शी! वास तरी किती मारतोय. दादा, तू आतल्या खोलीतच बस बाबा. तेच बरं."

सुकम्दी काठी टेकत उठले. दुसऱ्या दिवसापासून ते आतल्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू लागले. तिथे खिडकी नाही. वुर्यानीने विनवलं, मुलगी रेत्नो रागावली, पण ते मानच हलवायचे. माझा डावा कोपरा रिकामा पडला. खरं सांगतो, त्या वर्षी मला स्वतःची लाज वाटली.

यंदा रोजे लागायला महिना असतानाच वुर्यानीने कंबर कसली. "या ईदेला तुझे बाबा बाहेर बसतील," तिने रेत्नोला सांगितलं. "आणि त्यांना हवा तेवढा चहा सांडतील."

खोळी शिवणाऱ्या कासमुरीकडून तिने चार नमुने आणले: एक चमचमती मखमल, एक नवं रेक्झिन, एक जाड सुती कापड आणि एक घट्ट विणीचं, चिंचोक्याच्या रंगाचं, दिसायला अगदीच बेचव. कासमुरीचं मत मखमलीला होतं.

"वहिनी, ईद आहे. जरा झगमग नको का?"

"झगमग मी बारा वर्षं प्लॅस्टिकखाली बघितली," ती म्हणाली. "आता मला कापड हवंय."

पुढे तिने जे केलं ते सिगारेटी वळणाऱ्या बाईलाच सुचावं. कारखान्यात बायका लाकडी बाकांवर ओळीने बसतात, आणि वळताना त्यांचं अंग सारखं पुढेमागे हलत असतं. वुर्यानीने चार मैत्रिणींच्या बाकांवर चार तुकडे ताणून बांधले. ही हकिगत मी त्यांच्याच तोंडून ऐकली, कारण एका रविवारी त्या चौघी येऊन माझ्यावरच बसल्या होत्या.

"तुझ्या सोफ्यापायी आमच्या बुडाची परीक्षा चाललीय," त्यांतली सुतीना म्हणाली.

"तुझ्या वाट्याला मखमल आलीय, तक्रार कसली करतेस?" वुर्यानी म्हणाली.

"अगं, कसली मखमल! टक्कल पडलंय तिला. माझं वजन काढू नकोस मात्र!"

रोज दुपारी ते तुकडे घरी यायचे. वुर्यानी त्यांच्यावर गोड चहा ओतायची, पुसायची, नारळाच्या काथ्याने घासायची, ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून रंग सुटतो का बघायची, मग उन्हात टाकायची. रोजे सुरू झाले तरी थांबली नाही.

"आई, उपाशी माणसासमोर चहा ओततेस, पाप लागेल," रेत्नो म्हणायची.

"लागू दे. ईदेला माफी मागेन."

मखमल पंधरा दिवसांत विरली. सुती कापडावरचा चहाचा डाग काही केल्या हटेना. रेक्झिनला दुमडीवर बारीक भेग दिसली, तसं तिने ते सरळ चुलीपुढच्या टोपलीत टाकलं. चिंचोक्याचा तुकडा मात्र जसाच्या तसा. त्यावर चहा पडला की थेंब घटकाभर वरच थांबायचा, जणू आत जाऊ की नको असा विचार करत असावा. मांजरीनेही त्यावर नखं मारून पाहिली आणि कंटाळून निघून गेली.

ईदेआधी सगळ्या गावाला नव्या खोळी हव्या असतात. पंधराव्या रोज्यानंतर कासमुरी काम घेत नाही. वुर्यानी बरोबर पंधराव्या रोज्याला त्याच्या दारात उभी राहिली.

"हा रंग? ईदेला?" तो म्हणाला.

"हाच. आणि खोळीला चेन लाव, काढून धुता आली पाहिजे. स्पंज नवा टाक, वर पाणी न झिरपणारा पदर घाल. शिवण दुहेरी."

"वहिनी, तुम्हीच शिवायला बसा ना!"

"बसले असते. पण माझ्या वाटणीच्या सिगारेटी तू वळणार का?"

ईदेच्या सकाळी मी नवं अंग लेवून बसलो होतो. टेबलावर नारळाच्या पानांत उकडलेल्या भाताचे केतुपात, अननसाची बिस्किटं, मोगऱ्याच्या वासाचा चहा. सुकम्दी आतून हलेनात. वुर्यानी आत गेली. तिचा आवाज मला ऐकू आला.

"अहो, सहा आठवडे बायकांची बुडं झिजवलीत मी. आता तुम्ही बसला नाहीत तर कारखान्यात तोंड दाखवायला जागा नाही मला."

ते हसले. वर्षभराने हसले. आणि काठी टेकत येऊन आपल्या कोपऱ्यात, खिडकीशी बसले.

तुमिनी आली, पुन्हा पांढऱ्या कपड्यांत. दादासमोर नुसते हात जुळवून ती माझ्या दुसऱ्या टोकाला अवघडून टेकली. सुकम्दींनी चहाचा पेला उचलला, हात थरथरला आणि अख्खा पेला त्यांच्या दोघांच्या मध्ये सांडला. सुकम्दींनी उठण्यासाठी काठी चाचपली.

"बसा हो," वुर्यानी म्हणाली. तिने शांतपणे फडकं फिरवलं. डाग नाही, ओल नाही. मग ती नणंदेकडे वळली. "तुमिनी, जरा उठ. पाठ दाखव."

तुमिनी उठून वळली. पांढरे कपडे लख्ख होते. सगळी खोली हसली, ईदेच्या भेटीला आलेली सुतीना तर टाळ्या पिटू लागली. तुमिनी मात्र हसली नाही. ती सावकाश खाली बसली, गुडघे टेकले आणि दादाच्या मांडीवर कपाळ ठेवलं.

"दादा, चुकलंमाकलं पोटात घाल." हे दर ईदेला सगळेच म्हणतात. पण यंदा पुढचं तिला बोलवेना. तिचे खांदे हलत होते.

सुकम्दींनी थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला. जड जिभेने दोनच शब्द जुळवले. "बस... इथे." आणि आपल्या शेजारची जागा थोपटली, म्हणजे मलाच.

आता पावसाळा लागलाय. माझी खोळ दोनदा धुऊन झाली, रंग तोच बेचव आणि तसाच टिकून. डाव्या कोपऱ्यात नव्या स्पंजाला खळगा पडायला लागलाय. तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर खुशाल बसा, चहा सांडला तरी संकोच करू नका. फक्त तो खळगा सोडून बसा. समोरून बसगाड्या जातात आणि सुकम्दींना त्या मोजायच्या असतात.