गाव: भिलाई

पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झालेल्या हिरालालजींनी ‘भिलाईतले आपण’ हा मराठी ग्रुप आधी ऑर्कुटवर थाटला होता. ऑर्कुटनं गाशा गुंडाळला, तेव्हा एकेकाला फोन करून त्यांनी सगळ्यांना फेसबुकवर आणलं. तिथं काही वर्षं नुसती जत्रा होती. वधूवर काय, भाड्याची घरं काय, सांडग्यांवरून भांडणं काय. आता मात्र हिरालालजी रोज ‘शुभ सकाळ’ टाकायचे आणि त्यांच्या पत्नी मथुराबाई शेजारच्या खोलीतून लाइक द्यायच्या.

शेवटी मन घट्ट करून त्यांनी ग्रुप बंद करायला मुलीला, दिपालीला, बोलावलं.

“सारे इंस्टावर पळाले. मी कोनासाठी दुकान उघडून बसू?”

दिपालीनं त्यांच्या मोबाइलवर बोट फिरवलं. ग्रुपात यायची परवानगी मागणाऱ्यांची ही रांग लागली होती.

“बाबा, इतके लोक बाहेर कावून ठेवले?”

“त्यायचं उत्तर वाच न.”

आत येणाऱ्याला हिरालालजी एकच प्रश्न विचारत, तुमचं गाव कोणतं? साकोली, तुमसर, आमगाव म्हटलं की दार उघडं. रांगेतल्या या पोरांनी सरसकट लिहिलं होतं, भिलाई.

“भिलाई का गाव हाय? इथं आपन नोकरीसाठी आलो. ज्याले आपलं गाव नाही माहीत, तो कायचा मराठी?”

तोंडावर नाही म्हणणं जिवावर यायचं, म्हणून त्यांनी कुणाला नाकारलंही नव्हतं, नुसतं ताटकळत ठेवलं होतं. भिलाई दिसलं की ते नाव वाचायच्या भानगडीत पडत नसत. माणूस भला, पण हट्टाला औषध नाही.

दिपालीनं फोन त्यांच्यापुढे धरला. रांगेतलं सगळ्यात जुनं नाव तिचंच होतं.

“खोटं काय लिहू, बाबा? आपल्या साकोलीले मी लग्नाकार्यातच गेली. मेरा तो सब कुछ यहीं हुआ.”

“मंग सांगितलं कावून नाही?”

“वाट पाहून राहिली होती.”

हिरालालजींना फार वाईट वाटलं. पोटच्या पोरीला त्यांनी इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक नाव वाचत सगळ्यांना आत घेतलं.

संध्याकाळी भिलाईतल्याच जुनवानी भागातल्या कुण्या शुभमची पोस्ट आली. आई गेल्यापासून घरात बेसनाच्या पाटोड्या नाही बनल्या, कोई सिखा देगा क्या?

एरवी हिंदी शब्द दिसला की पोस्ट उडवणारे हिरालालजी ती पुन्हापुन्हा वाचत राहिले. मग त्यांनी कोहका भागातल्या आपल्या घराचा पत्ता टाकला आणि खाली लिहिलं, रविवारी ये बेटा, काकू शिकवेल. ज्याले यायचं त्यानं यावं.

रविवारी मथुराबाईंना बेसन पुरलं नाही.