यंत्राला लावलेलं कुंकू

अकोल्यातल्या त्या गल्लीत गोदावरीबाईंच्या घरची एकही गोष्ट खासगी राहिली नव्हती. कमलाकांत गुरुजींना चार वर्षांपासून ऐकू येईना, त्यामुळे भाजी कोणती करायची इथपासून पोट साफ झालं का इथपर्यंत सगळं बाई नवऱ्याला ओरडूनच विचारत. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला गळा तो, शेवटच्या घरापर्यंत पोचायचा.

गुरुजींनी पूजा सांगणं सोडलं होतं. एका सत्यनारायणाला यजमानाचं गोत्र भलतंच ऐकलं, लोक हसले, आणि ते पोथी बांधून घरी आले ते कायमचे. आता दीड महिन्यावर अमरावतीला नातीचं, अबोलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं आजोबांनीच म्हणायची हा तिचा हट्ट. सोबत आळीपाळीनं म्हणणाऱ्या दुसऱ्या गुरुजींचा सूर ऐकू आला नाही तर मांडवात पुन्हा हसं होईल, म्हणून आजोबा नाहीच म्हणत होते.

बाईंनी ऑनलाइन कानाचं यंत्र मागवलं. नव्या वस्तूला लावतात तसं हळदकुंकू लावलं, तेही खोक्याला नाही, यंत्रालाच. कानात बसवल्यावर ते नुसतं शिट्टी मारत राहिलं. परत न्यायला आलेल्या माणसानं लाल डागाचा फोटो काढला आणि निरोप आला, डागाळलेली वस्तू परत घेता येत नाही. ॲपवर बाईंनी सात वेळा लिहिलं. सातही वेळा तेच गोड, छापील उत्तर आलं.

"परत काहून घेत नाहीत?" गुरुजींनी विचारलं. खरं सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार, आणि विज्ञानाच्या बाईंनी यंत्राला कुंकू लावलं हे गल्लीभर होणार. बाईंना स्वतःचीच लाज वाटली. "कंपनी चोर आहे," एवढंच त्या ओरडल्या.

त्यांची जुनी विद्यार्थिनी निखत आता कोर्टात वकिली करायची. बाई तिच्याकडे गेल्या. "डाग स्पिरिटनं पुसते आणि मग तक्रार करू," त्या म्हणाल्या.

"बिलकूल नाही, बाई. कुंकू लावलं असं साफ लिहा. कुंकवानं शिट्टी वाजत नाही. माल बिघडलेला असला तर विकणाऱ्याले तो परत घ्यावाच लागते, तसा नियम आहे. अन् तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव कंपनीले दाखवावंच लागते. अठ्ठेचाळीस तासांत पोच, महिन्यात निकाल."

"आणि नाही ऐकलं तर? कंपनी बंगळूरची, तिथं कोण जाणार?"

"तुमी काहून जाता? तुमी राहता तिथंच, आपल्या अकोल्यात ग्राहक आयोगात केस लागते. येतील ते इथं, उन्हात."

अधिकाऱ्याचं नाव ॲपच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात सापडलं. बाईंनी प्रयोगवहीसारखी तक्रार लिहिली, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. कुंकू कृतीत घातलं. दुसऱ्या दिवशी पोच आली. मग दोन आठवडे काहीच नाही, आणि एका दुपारी चक्क माणसाचा फोन आला.

"मॅडम, कुंकू मायक्रोफोनमध्ये गेलं असेल का?"

"मागच्या बाजूला लावलं होतं, बोटभर. आकृती काढून पाठवू?"

त्यानं आकृती मागितली नाही. आठवड्यानं नवं यंत्र पाठवलं.

या खेपेला कुंकू खोक्याला लागलं. यंत्र बसवून बाईंनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "येतंय का ऐकू?"

गुरुजी दचकले. "एवढी काहून ओरडून राहिली? हळू बोल."

बाईंचे डोळे भरून आले. हळू बोलायचं कसं, हेच त्या विसरल्या होत्या. दार लोटून त्या शेजारी बसल्या आणि पुटपुटल्या, "अहो, मागच्या वेळी मी यंत्रालाच कुंकू लावलं होतं. त्यामुळेच परत घेत नव्हते."

"माहीत आहे, गोदे. दिवसभर माझा कान लाल होता. तू कंपनीले चोर म्हणाली तवाच समजलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुले ओरडून उत्तर द्यावं लागलं असतं. गल्लीनं ऐकलं असतं." गुरुजींनी फोन बाईंच्या हातात दिला. "आता अबोलीले लाव. मंगलाष्टकं मी म्हणतो म्हणून सांग. अन् हळूच सांग, मी ऐकून राहिलो."