आमेनच्या ढिगाखालचा प्रश्न

मित्रांनो, मी मोताळ्याजवळच्या एका मिशन दवाखान्यातला जुना मोबाईल. बॅटरी फुगली, पण स्वभाव तोच, उतावळा! गप्प पडून राहणं मला कधी जमलंच नाही.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! दवाखान्याचा कारभार बघणारे शंकरराव माझ्यावरून रोज मनाच्या आजारांविषयी पोस्ट टाकायचे. वर क्रूस, मागे उगवता सूर्य, खाली ‘चिंता करू नका, प्रभू सांभाळील’ आणि आमचा नंबर. लगेच ‘आमेन’चा ढीग पडायचा. शंकरराव खूश, माझंही कौतुक. मी मात्र चडफडायचो. अहो, आमेन म्हणणारे सगळे आपल्याच चर्चचे! आजारी माणूस येतोय कुठं?

बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली, त्या वर्षी विमलबाई नावाच्या एका शेतकरीण बाईंनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

“मले झोप नाही. घास गिळवत नाही. जगनंच नोको वाटते. तुमच्याकडं यावंसं वाटते, पण धर्म बदलावा लागन का?”

शंकररावांनी माझ्यात एक तयार उत्तर भरून ठेवलं होतं. ते आपोआप गेलं: ‘धन्यवाद! प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.’

“हाव का नाही, तेवढं सांगा ना!” बाईंचा आवाज रडवेला झाला होता.

पुन्हा तेच उत्तर गेलं. माझा जीव नुसता वरखाली! मी वाजलो, थरथरलो, टेबलाच्या काठाशी सरकलो आणि धाडकन खाली पडलो. काच तडकली, तडकू दे!

आवाजानं नर्स बेबीताई धावत आल्या. मला उचललं, बाईंचे निरोप ऐकले आणि उभ्याउभ्याच फोन लावला.

“विमलबाई, इथं धर्म कोणी विचारत नाही. गोळ्या, सल्ला सगळ्याइले सारखाच. घरी कोण हाय?”

“कोणीच नाही.”

“मी निंगालीच. पत्ता सांगा, फोन ठेवू नोका, बोलत राहा.”

ऑटोत मला कानाला लावूनच त्या बाईंच्या दारात पोचल्या. तिथं दोघी गळ्यात पडून रडल्या. मीही गलबललो.

दवाखान्यात उपचार सुरू झाले आणि हळूहळू औषध लागू पडलं. विमलबाई हसायला लागल्या. मग शंकररावांनी पोस्टमधला सूर्य आणि जुनी ओळ काढून टाकली आणि लिहिलं, ‘झोप येत नाही? जीव घाबरतो? या. धर्म विचारणार नाही.’ क्रूस तसाच राहिला आणि माणसंही येऊ लागली.

आता टेबलावर नवा मोबाईल आहे आणि मी खणात. मला पुसू नका, चार्जही करू नका, माझं काही नाही. पण मित्रांनो, तो केव्हाचा वाजतोय. कोणी आहे का तिथं? अहो, उचला ना!