तानू असती तर

पेन्सिलीचा तुकडा आतच राहिल्यामुळे वही नीट मिटली नव्हती… हातातली केरसुणी तशीच धरून चंद्रकांता त्या फटीकडे बघत राहिली. वही तिच्या नवऱ्याची, मास्तरांची; ते शाळेत गेले होते. धुळ्यातले एक पाद्री मायदेशी परतताना त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, त्यातून त्यांनी स्पॅनिशचं जुनं पुस्तक उचललं, आणि तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर येरझारा घालत क्रियापदं घोकणं— आब्लारा, कोमिएरा, विविएरा. धुळ्यात स्पॅनिश बोलायचं कुणाशी? घरात कुणाला कळणार नाही अशी भाषा माणूस उगाच शिकत नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

कालच शेजारच्या बेबाबाईंनी विहिरीवर विचारलं होतं, "मास्तर सकायमां काय पुटपुटतस वं? बठ्ठी गल्ली आयकस."

"परदेशी भाषा शे, अक्का," म्हणून तिने घागर उचलली होती, पण सगळी गल्ली ऐकते म्हटल्यावर मन थाऱ्यावर राहिलं नव्हतं.

तिने वही उघडली. डावीकडे परकी अक्षरं, उजवीकडे मास्तरांचं वळणदार मराठी, 'असतं तर'च्या धड्याचं. तानू माझ्याशी बोलत असती तर. तानू माझ्याबरोबर जेवत असती तर. तानू या घरात राहत असती तर.

बाईच असणार, ठाऊक होतं मला… आणि मग, हळूहळू, ते नाव तिला ओळखू आलं. सोळाव्या वर्षापर्यंत, जामनेरला माहेरी, तानू तीच होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'चंद्रकांता' यांनीच रेखलं, आणि त्यानंतर अकरा वर्षं या घरात तानू म्हणून तिला कुणी हाक मारली नव्हती. मग हे आता कुठून उकरून काढलं? नुसता धडा गिरवायला, की… बोलत असती म्हणे— मग भात वाढू का, धोतर कुठलं काढू, हे रोज कोण बोलतं? ते उठल्यावर त्यांच्याच ताटात जेवते ती कोण? तिसरी ओळ तिला पुन्हा वाचवेना. तिला राग आला, आणि रागाखाली रडू. बघायला आले तेव्हा त्या जामनेरच्या पोरीने चारचौघांत विचारलं होतं, तुम्हाला पोहता येतं का?— आणि हे मोठ्याने हसले होते. त्यानंतर कधी हसले तसे?

संध्याकाळी पाटावर बसल्यावर मास्तर म्हणाले, "वही हलवली का कुणी?"

"केर काढताना."

त्यांनी मान हलवली. तिने भाकरी वाढली, ताटापासून नेहमीइतकीच लांब उभी राहिली. घास हातात धरून त्यांनी एकदा तिच्या पाठीमागे दाराकडे पाहिलं, कुणी यायचं राहिल्यासारखं… आणि सवतीचा वाटावा तसा तिला त्या तानूचा मत्सर वाटला.